भवानीचं गिऱ्हाईक

कॉलेज रोडवरच्या माझ्या जुन्या जोडीदारणीच्या दुकानात मी मुद्दाम सकाळीच गेले. शटर नुकतंच वर गेलं होतं. दिवसाच्या पहिल्या, भवानीच्या गिऱ्हाइकाला कोणी रिकाम्या हाताने परत पाठवत नाही. तिच्याकडून एकदाच, फक्त एकदाच, मला भाव कमी करून घ्यायचा होता.

नव्वदनंतरच्या वर्षांत आम्ही दोघी अंबडच्या कारखान्यांतल्या एका शेडमध्ये शेजारशेजारच्या शिलाई मशीनवर बसायचो. काम नगावर. दाराला बाहेरून कुलूप, पाणी प्यायला उठलं तरी सुपरवायझर घड्याळ बघायचा. एका दिवाळीआधी त्याने नगाचा भाव पाडला. मी मशीन बंद केलं आणि भांडले. भाव जागेवर आला, आठवड्याने मला काढलं. ती मान खाली घालून काजं करत राहिली.

मी हातगाडीवर गाऊन विकत विकत मेन रोडला गाळा घेतला. आणि हिने थेट दुकान काढलं. दारावर पाटी, ‘एकच भाव’. प्रत्येक कुर्त्याला चिठ्ठी, त्यावर शिवणाऱ्या बाईचं नाव. पेपरात फोटोही आला. माझ्याशी तासभर घासाघीस करणाऱ्या बायका तिच्याकडे निमूट पैसे देतात आणि मलाच ऐकवतात, “तिथे शिवणाऱ्या बायकांना योग्य मोल मिळतं हो!” भांडले मी, नाव हिचं.

“अगं, आज इकडे कशी वाट चुकलीस?” ती म्हणाली.

“हा निळा कुर्ता दे. भाव बोल.”

“चिठ्ठीवर आहे की.”

“भवानीची वेळ आहे. मोडू नकोस.”

“तुझ्या हातची भवानी म्हणजे चांगलंच. पण कमी नाही होणार. कुणाच्या मजुरीतून कापू, ते चिठ्ठी वाचून तूच सांग.”

माझं डोकं फिरलं. “फार शहाणी झालीस! तेव्हा तोंड शिवलं होतं का?”

“शिवलंच होतं,” ती म्हणाली. “घरी कमावणारी मी एकटी. तू जागेवर आणलेल्या भावावर मी पुढे सात वर्षं घर चालवलं. ‘याच्या खाली सुईत दोरा घालणार नाही,’ असं तू सुपरवायझरच्या तोंडावर ओरडली होतीस. तेच मी पाटीवर लिहिलंय, जरा सभ्य भाषेत.”

मी पूर्ण पैसे टाकून कुर्ता घेतला आणि निघाले.

त्याच दुपारी मला गाऊन पुरवणारा गठ्ठा घेऊन आला. त्याचीही शेड अंबडलाच. मी नेहमीसारखी घासाघीस सुरू केली. तो म्हणाला, “ताई, याच्या खाली बाया बसत नाहीत.” एरवी मी म्हटलं असतं, दुसऱ्या बघ. त्या दिवशी नुसता आकडा सांगितला. भाव मी पाडलाच, पण नेहमी ताणते तितका ताणला नाही. तिच्यामुळे माझं तेवढं नुकसान झालं. ते मी अजून विसरलेले नाही.