वकिलातीच्या फाटकापुढे आई

माझा भाऊ परदेशात गोदामात कामाला म्हणून गेला आणि तिथे त्याला लढाईवर धाडलं. त्याचा फोन बंद पडला तेव्हा मी आईला घेऊन भरवेलीहून दिल्लीला गेले. ज्यांची मुलं तशीच अडकली होती अशा घरच्यांसोबत आम्ही त्या देशाच्या वकिलातीसमोर फोटो धरून उभे राहिलो.

घोषणा सुरू व्हायच्या आतच पोलिसांनी घेरलं. "यहाँ जमा होना मना है," असं म्हणत त्यांच्या साहेबांनी सगळ्यांना बसमध्ये चढायला लावलं. आईने बॅरिकेड घट्ट धरलं.

"मले फक्त विचारू द्या, माहा पोरगा जित्ता हाय का?"

एका महिला शिपायाने हळूच तिची बोटं सोडवली. "चलो अम्मा, मेरी नौकरी का सवाल है."

आम्हाला ठाण्यात बसवलं, चहा दिला, संध्याकाळी सोडलं. वकिलातीतून कोणी बाहेर आलंच नव्हतं.

परतीच्या गाडीत आई म्हणाली, "पोलिसाईनं आपल्याले मारलं असतं तं बरं झालं असतं, बाई. कोणाच्या नजरेत तं आलो असतो."

भावाचा फोन अजून लागत नाही.