गावाकडच्या फोनची धून

मुलाने माझ्या मोबाइलवर गावाकडच्या फोनसाठी सनईची वेगळी धून लावून दिली होती. स्वयंपाकघरात असले तरी मला ऐकू यावं म्हणून. केलं त्याने चांगल्यासाठीच. पण ती सनई वाजली की माझ्या छातीत धडधड सुरू व्हायची, हात गार पडायचे आणि मी फोनकडे बघत तशीच उभी राहायचे. वाजून वाजून तो बंद पडला की हायसं वाटायचं, आणि त्या हायसं वाटण्याचीच मग दिवसभर लाज वाटायची. संध्याकाळी मी आपणहून फोन लावून भावजयीला सांगायचे, "अगं, कुकर लावला होता. ऐकूच आलं नाही."

सोलापूरच्या पलीकडे, आमच्या गावी, आई अर्धांगवायूने अंथरुणाला खिळली होती. तिचं हगणं-मुतणंसुद्धा भावजय करत होती. आणि मी इथे भोपाळला, टाउनशिपच्या क्वार्टरमध्ये. दारात मोगरा, घरात नळ, नवऱ्याला कारखान्यात पक्की नोकरी. हे सगळं आईनेच तर हट्टाने बघून दिलेलं. तिच्या एका जुन्या आजारपणात सातवीतच माझी शाळा सुटली, धाकट्यांचं मी केलं. ते तिला फार लागलं होतं. पोरीला नोकरीवालाच बघायचा, लांबचा असला तरी चालेल, असं तिने धरून ठेवलं. ज्या बाईमुळे मी सुखात होते, तिचाच फोन माझ्याने उचलवत नव्हता.

टाउनशिपच्या दवाखान्यात छातीची ईसीजीची पट्टी काढली, ती चांगली निघाली. तिथल्या डॉक्टरांनी सोनागिरी भागातल्या, मनाचं बघणाऱ्या एका मॅडमकडे पाठवलं. मेडिकलच्या दुकानाच्या वर त्यांची खोली. गोळी नाही, सुई नाही. समोर बसवायच्या, पाय जमिनीला टेकवायला लावायच्या आणि म्हणायच्या, श्वास कुठे लागतोय ते बघा. नाकाशी, छातीत, पोटात. विचार आला तर आला म्हणा, परत श्वासाकडे या. घरीही रोज थोडा वेळ असंच बसायचं.

आमच्या ह्यांना गंमत वाटायची. "डोळे मिटून बसायला डॉक्टर कशाला? रात्रपाळीला कारखान्यात आमचं अख्खं शॉप बसतं तसं."

मी बसायचे. पण डोळे मिटले की श्वासाच्या जागी आई दिसायची. इकडे आपण खुर्चीत बसून श्वास बघतोय आणि तिकडे कोणीतरी तिला कुशीवर वळवतंय. आपण कसलं सोंग करतोय, असं व्हायचं. धडधड उलट वाढायची. पण मॅडमनी विचारलं, "कैसा लगा?" की मी म्हणायचे, "अच्छा लगा, मॅडम." शाळेतही माझं असंच होतं. बाईंनी "कळलं का?" विचारलं की कळो न कळो, "हो बाई". एवढ्या शिकलेल्या, पोरीच्या वयाच्या बाई माझ्यासाठी वेळ देतात, त्यांना नाही कसं म्हणायचं? जाताना कधी चिवडा न्यायचे, कधी बेसनाचे लाडू. बरं वाटत नव्हतं, त्याची भरपाई.

एकदा मी डबा टेबलावर ठेवला, तसा त्यांनी तो हाताने बाजूला सरकवला. रागाने नाही.

"आंटी, हर बार अच्छा कैसे लगता है? मुझे तो नहीं लगता."

माझ्या तोंडून निघून गेलं, "बिलकुल अच्छा नहीं लगता, मॅडम. माँ दिखती है." आणि फोनचं, कुकरचं सगळं सांगून टाकलं. निम्मं हिंदीत, निम्मं मराठीत. त्यांना किती कळलं कोण जाणे. आता या म्हणतील, तुम्हाला जमत नाही, येऊ नका, असं मला वाटलं.

त्या म्हणाल्या, "अच्छा लगना चाहिए, ये मैंने कब कहा?" मग हिंदीतच समजावलं. हे बसणं धडधड घालवायला नाही. धडधड आहे तर ती कशी आहे ते बघायला. आता फोन वाजेल तेव्हा पळू नका. आधी पाय टेकवा, छातीवर हात ठेवा, काय काय होतंय ते बघा. "डर जाएगा तब उठाऊँगी, ऐसा मत सोचिए. डर के साथ भी फोन उठता है."

जाताना त्यांनी लाडू मात्र ठेवून घेतले.

त्यानंतर एका दुपारी मी मटार सोलत बसले होते. सनई वाजली. मी पाय फरशीवर टेकवले. फरशी गार होती. बोटं गार, छातीत धाडधाड. गेलं काहीच नाही. तसाच उचलला.

पलीकडून भावजय म्हणाली, "वन्सं? पहिल्याच फोनला? कुकर बिघडला वाटतं तुमचा."

"बिघडलाच म्हण," मी म्हटलं. तिला सगळं ठाऊक होतं तर. कान तापले माझे.

"घ्या, आईंशी बोला. सकाळपासून तुमचाच घोशा चाललाय त्यांचा."

मग आईचा श्वास ऐकू आला. जड, घरघरणारा. याचीच भीती होती मला, याची आणि त्यानंतर येणाऱ्या प्रश्नाची.

"कधी येतीस?" आईने विचारलं, शब्द एका बाजूला कलंडलेले.

दर वेळी मी सांगायचे, येते की, पोराची परीक्षा झाली की येते. तेच ओठांवर आलं होतं. छातीवरचा हात तसाच ठेवून म्हटलं, "माहीत नाही, आई. यावंसं वाटतं. पण तुला असं बघायची भीती वाटते."

बराच वेळ नुसता तिचा श्वास. मी तोच ऐकत राहिले.

तेवढ्यात कारखान्याचा पाळी सुटल्याचा भोंगा वाजला. आई एकदाच आमच्याकडे राहून गेली होती, तेव्हा या भोंग्याला दचकायची. तिला तो फोनमधूनही ओळखू आला.

"भोंगा झाला गं," ती म्हणाली. "जावई येतील. ताट घे जा."

"येऊ देत," मी म्हटलं. "घेतील वाढून. तू बोल."