पाट्याच्या जागी पेटी

पलूसहून भाच्याचा फोन आला, तेव्हा मी साताऱ्यात घरासमोर ट्रेलर धूत होतो. "मामा, बाबा गेले..." पाइप हातात तसाच वाहत राहिला, आणि माझ्या मनात पहिलं काय आलं, तर टायरमधली हवा बघायची राहिली. दाजींनी आधी तेच विचारलं असतं.

दाजी म्हणजे माझ्या अक्काचे यजमान. फौजेत गाड्या दुरुस्त करता करता त्यांची उमर तंबूत गेली. निवृत्तीनंतर एकच हट्ट : "हिला कवा माझ्यासंगं मुक्कामाला नेलंच न्हाई. एकदा न्यायची हाय." अक्काच्या गुडघ्यांना तंबूतली जमीन झेपणार नव्हती, म्हणून मी गाडीमागं जोडायचं फिरतं घर घ्यायचं ठरवलं. पसंत केलं ते फ्रीज, न्हाणीघर सगळं असलेलं. दाजींनी आधी ते पाहिलं, मग माझी छोटी गाडी. "पावणं, ही त्याला वडणार, का त्यो हिला?" शेवटी दोघांनी ढकललं तरी वळेल असं हलकं, फायबरचं घेतलं. ते जड करायचं काम मग मी मनापासून केलं.

पहिली सहल पाचगणीची. अक्काचा पाटा-वरवंटा, दाजींची फौजेतली लोखंडी पेटी, माझा तांदळाचा डबा... पटकन काढता यावं म्हणून सगळं मी मागच्या टोकाला रचलं. वाईच्या अलीकडं ट्रेलर शेपटीसारखा हलायला लागला. माझा पाय ब्रेककडं गेला. "ब्रेक न्हाई! ॲक्सिलेटरवरचा पाय काढा नुसता." दाजींचा आवाज चहा मागितल्यासारखा. ट्रेलर थांबला, मी बराच वेळ हलत होतो.

त्यांनी मला ट्रेलर थेट उसाच्या वजनकाट्यावर न्यायला लावला. काटेवाला ट्रेलरभोवती फिरला. "ऊस कुठाय?"

"ऊस न्हाई, सासुरवाडी हाय," दाजी म्हणाले.

वजन जास्त भरलं. प्रत्येकानं एक वस्तू काटेवाल्याकडं ठेवायची, असं ठरलं. मी डबा दिला. अक्का पाट्यावर हात ठेवून बसली. "मिक्सरची चटणी मी करणार न्हाई." दाजींनी मुकाट्यानं आपली पेटी उतरवली. उरलेलं जड सामान चाकांच्या पुढं सरकवलं; पाटा मानाच्या जागी. पसरणीचा घाट आम्ही वरातीच्या थाटात चढलो. वर अक्का चटणी वाटत होती. दाजी छाती फुगवून म्हणाले, "बोल, कसा हाय आमचा तंबू?"

"दार नीट लागत न्हाई," अक्का म्हणाली. पण तीन दिवस परतायचं नाव घेईना!

नंतर कितीतरी सहली झाल्या. पाटा ट्रेलरमध्येच मुक्कामाला, पेटी दरवेळी घरी. "पुढच्या बारीला," दाजी म्हणायचे.

दाजी गेल्यावर परवा पहिल्यांदाच पुन्हा पाचगणीला निघालो. अक्काला विचारलं होतं, पण येईल असं वाटलं नव्हतं. ती पेटी घेऊनच आली, आणि म्हणाली, "पाटा उतरव. ह्यांची पेटी घे."

"अगं, चटणी?"

"मिक्सर आणलाय. माझ्यापायी लय येळा मागं राहिली रं ती."

पेटी मी चाकांच्या पुढं ठेवली, हवा दोनदा तपासली. घाट चढलो, ट्रेलर तसूभर हलला नाही. वर पोचल्यावर अक्का चहाचा कप घेऊन पेटीवर बसली. मग पेटीवर थाप मारून म्हणाली, "आवं, दार अजून लागत न्हाई..."

आणि खळखळून हसली.