आईला आठवणारं भामरागड

आधीच सांगतो, या सदरातले अनुभव मी करमणूक म्हणून वाचतो. आजवर एकावरही विश्वास ठेवलेला नाही. एका चादरीच्या कारखान्यात अकाउंट्स बघतो. ताळा जुळला नाही तर चूक कुठंतरी आहेच आणि ती सापडेपर्यंत उठायचं नाही, असा स्वभाव झालाय. ही चूक मात्र मला सापडत नाहीये... म्हणून लिहितोय.

आम्ही सोलापुरात भवानी पेठेत राहतो. मी, बायको सुनीता, कॉलेजात जाणारी मुलगी आणि माझी आई. वडील – आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो – मूळचे करमाळ्याचे, महसूल खात्यात होते. नायब तहसीलदार म्हणून लागले, उपजिल्हाधिकारी म्हणून रिटायर झाले. मधल्या काळात भामरागड, धारणी, अक्कलकुवा, गुहागर... राज्याचे सगळे कोपरे झाले. रिटायर झाल्यावरही घरात पाय ठरला नाही. लडाख, आसाम, अंदमान फिरून आले. आई यातल्या एकाही ठिकाणी गेली नाही. आमच्या शाळा होत्या, आणि तिला एसटीत बसलं की उलट्या होतात. तिचा प्रवास म्हणजे माहेर, अक्कलकोटच्या पलीकडचं एक खेडं. बस.

अण्णा गेल्या वर्षी उन्हाळ्यात गेले. पावसाळ्यात हे सुरू झालं.

गल्लीत शेजारचे दोघे भाऊ ओट्याच्या हद्दीवरून भांडत होते. आई कधी कुणाच्या भांडणात पडत नाही. त्या दिवशी ती बाहेर गेली, दोघांच्या मधे उभी राहिली आणि शांतपणे म्हणाली, "आधी चतुःसीमा सांगा. पूर्वेला काय, पश्चिमेला काय. आणि दोन पंच बोलवा, तुमच्या नात्यातले नकोत." समोरची बाई हसत म्हणाली, "आजींच्या अंगात साहेब आले की!" आम्हीही हसलो. एवढी वर्षं साहेबाची बायको होती, कानावर पडलं असेल.

पुढं एकदा मुलीला तिनं पीक कापणीचा प्रयोग समजावून सांगितला. शेतात दोरी लावून चौकोन आखायचा, तेवढंच पीक कापून, मळून, वजन करायचं. वर म्हणाली, दोरी ओली असली तर आखडते, मग चौकोन लहान पडतो आणि सगळ्या गावाचा अंदाज चुकतो. हेही अण्णांनी सांगितलं असेल, असं मी धरून चाललो. खरं तर अण्णा ऑफिसचं घरी एक अक्षर बोलत नसत.

मग एका दुपारी शेंगा फोडताना ती सुनीताला म्हणाली, "भामरागडला पूर होता बघ. नदी ओलांडताना डोंगा उलटला. मी एका फांदीला धरून होते. फांदीवर लाल मुंग्यांचं घरटं... चावत होत्या, पण हात सोडता येईना."

सुनीतानं संध्याकाळी मला सांगितलं. मी आईला विचारलं. तिनं तेच सगळं पुन्हा सांगितलं – आणि वर, मडावींनी लुगडं फेकून ओढलं, असंही.

मडावी अण्णांच्या हाताखाली मंडळ अधिकारी होते, आता नागपुरात असतात. मी फोन लावून पुराचं, मुंग्यांचं, लुगड्याचं विचारलं. ते म्हणाले, "साहेबांनी माझ्याकडून शब्द घेतला होता, घरी कळू द्यायचं नाही म्हणून. काठावरच्या एका बाईचं लुगडं होतं ते. साहेबांचे हात कोपरापर्यंत सुजले होते. तुम्हाला कुणी सांगितलं?"

आईनं, म्हणालो. त्यांनी विषय बदलला.

खरं सांगायचं तर, तेव्हा मला भीती नाही वाटली. बरं वाटलं. जे अण्णा आम्हाला कधी मिळाले नव्हते, ते आईच्या तोंडून मिळत होते. मी कारखान्यातून थेट घरी यायचो. चहा घेतला की, "आई, धारणीचं सांग की." ती सांगायची. करमाळ्याची आत्या मुक्कामाला आली, डोळे पुसत ऐकत बसली. इतकं घर कधी भरलेलं नव्हतं.

श्रावणात मावशी आली. आईची धाकटी बहीण. दोघींची माहेरची भाषा कानडी. एकत्र आल्या की कानडीच चालायची, आणि अण्णा चिडवायचे, "माझ्याबद्दल काय चाललंय ते मराठीत बोला की." अण्णांना कानडीतला एक शब्द कळत नसे.

मावशी दारातूनच म्हणाली, "अक्का, ऊटा आतेन?"

आई हसून तिच्याकडं बघत राहिली. मग माझ्याकडं वळली. "काय म्हणतेय ती?"

जेवलीस का, एवढंच विचारलं होतं. मावशीनं पुन्हा विचारलं, मग आईचा हात धरून भराभर बोलत सुटली – विहीर, गाय, शाळा, त्यांच्या आईचं नाव. आई पाहुण्यासारखी ऐकत होती. मावशी शेवटी मराठीत मला म्हणाली, "अरे, तुमी काय केलात हिचं?"

त्यानंतर लक्ष ठेवलं. तिच्या आठवणीतून माहेरचं गाव गेलं. माझा टायफॉईड गेला, माडीचं बांधकाम गेलं. तिकडं अक्कलकुव्याच्या बंगल्यातल्या चिंचेची फांदी कुठल्या खिडकीला लागते, हे स्वच्छ. डॉक्टरांनी स्कॅन केला. म्हणाले, वयानुसार ठीक आहे, विसरणं होणारच, आणि बाकीच्या ऐकीव गोष्टी असतील. विसरणं मला समजतं हो. पण न पाहिलेलं आठवणं? मडावींचा शब्द? अण्णांनी एखाद्या वेळी तिलाच सगळं सांगितलं असेल असं मानलं, तरी कानडी का जावी? याचं उत्तर ना डॉक्टरांकडे आहे, ना माझ्याकडे. वाचकांपैकी कुणी असं पाहिलं असेल तर जरूर लिहा. उत्तर नसलं तरी चालेल.

आम्ही अण्णांबद्दल विचारणं बंद केलं. काही फरक नाही. ती आपणहून सांगते.

म्हणून परवा संध्याकाळी मी उलटं करून पाहिलं. तिचंच तिला सांगायला बसलो. "तू लहानपणी..." म्हटलं की ती गोंधळते, म्हणून तिचंच नाव घेऊन म्हणालो, शांता नावाची एक बाई आहे. अण्णांच्या बदल्या मला क्रमानं पाठ आहेत. आईचं सांगायला लागलो आणि लक्षात आलं, माझ्याजवळ फार थोडं आहे. भोपळा बांधून विहिरीत पोहायला शिकली. लग्न होऊन सोलापुरात आली. आजारी मुलाला कडेवर घेऊन दवाखान्यात चालत गेली. नळाला पाणी नसायचं तेव्हा रांगेत उभी राहिली. गवंड्याशी भांडून माडी बांधून घेतली. आणि... पुढं मला सुचेना.

आई अगदी मन लावून ऐकत होती.

"नवरा कुठं असतो तिचा?"

"बदलीवर."

"सगळी वर्षं?"

"हो."

"मग तिचं म्हणणं काय आहे?"

मी म्हणालो, ते कधी विचारलं नाही कुणी.

ती समजुतीच्या आवाजात म्हणाली, "तिलाच घेऊन यायचंस की. तिच्या तोंडून ऐकलं असतं मी."

बरं, म्हणालो.