सिरोंच्याचा रस्ता बंद झाला आणि आईने शेवया वळल्या

"मी फक्त पोरीचं तोंड पाहून येतो. तिथी पाणीसुद्धा घेणार नाई," आई म्हणाली आणि तिने पिशवी उचलली.

माझी धाकटी बहीण नलू, रफिक नावाच्या शिंप्याशी लग्न करून सिरोंच्याला गेली, तेव्हापासून आमच्या सावली गावातल्या घरात तिचं नाव निघत नव्हतं. तिला दिवस गेल्याचं तिच्या एका मैत्रिणीकडून कळलं आणि आईने जायचं ठरवलं. त्याच मैत्रिणीकरवी येण्याचा निरोपही धाडला. बाबांना तिने सरळ सांगितलं. ते उठून धानाच्या बांधीकडे निघून गेले. ही नव्वदच्या दशकाच्या शेवटाकडची गोष्ट. तेव्हा गोदावरीवर पूल नव्हता, आंध्रात जायचं तर नावेनं जावं लागे.

तेव्हाचा आमचा मार्ग असा: सावलीहून गडचिरोली, तिथून चामोर्शी, आष्टी, आलापल्ली आणि मग जंगलातून सिरोंचा. एस्टीने पूर्ण दिवस जायचा. या वाटेने जाणार असाल तर पुढची सीट धरा, मागे बसलात तर खड्डे पाठीत मोजावे लागतील. आणि आलापल्लीला पोटभर जेवून घ्या. आम्ही तिथे गरम आलूबोंडे खाल्ले, ते बरं झालं, कारण पुढे चहासुद्धा मिळाला नाही.

आलापल्ली सोडल्यावर सागाची झाडं दोन्ही बाजूंनी रस्त्यावर झुकतात. अधूनमधून एखादी गोंड वस्ती, कुंपणाआड कोंबड्या, की पुन्हा झाडं. समोरून सिरोंच्याची एक बस येऊन भुर्रकन निघून गेली. तिच्या खिडकीतून कुणीतरी हात हलवत होतं. त्यानंतर वाहन दिसलंच नाही. एका वळणावर ड्रायव्हरने करकचून ब्रेक दाबला. रस्त्यावर ताजं तोडलेलं झाड आडवं पडलं होतं, फांदीला नक्षलवाद्यांचं लाल कापड बांधलेलं.

"बंद लावला वाटते," कंडक्टर हळूच म्हणाला. "उतरा, पण कोणी बोलू नका."

पुरुषांनी शेंड्याकडच्या फांद्या ओढून बसपुरती जागा केली. सगळे जंगलाकडे न बघण्याचा प्रयत्न करत होते. आईने माझं मनगट धरलं होतं, ते तिने गाडी पुन्हा चालू लागली तरी सोडलं नाही.

संध्याकाळी सिरोंच्याच्या स्टँडवर नलू उभी होती, पोटावर पदर ओढून. आईला बघून ती रडली नाही. आमच्या मागे बसच्या दाराकडे बघत राहिली.

"ते कुठी आहेत?" तिने विचारलं.

"कोण?"

"हे तुम्हाले घ्यायले आलापल्लीला गेले ना सकाळी! वाट खराब आहे, आई घाबरन म्हणून."

मला खिडकीतला तो हात आठवला. समोरून आलेल्या त्या बसमध्ये रफिक होता. आता बंदमुळे मागच्या सगळ्या गाड्या थांबलेल्या, टेलिफोन मुका, आणि तो झाडाच्या पलीकडे.

घर म्हणजे पुढे शिलाईचं दुकान आणि मागे दोन खोल्या. रोजे चालू होते. रफिकच्या आईने, म्हणजे अम्मींनी, आमच्यासाठी भात टाकला होता. आई भिंतीला टेकून बसली आणि म्हणाली, "माझा उपास आहे."

तो उपास खोटा होता, हे मला आणि नलूला माहीत होतं. अम्मी मात्र म्हणाल्या, "अच्छा है बहन, फिर तो हम सब रोज़ेदार हुए." त्या हसल्या, पण त्यांची नजर दारावरच होती.

दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत बातमी नव्हती. स्टँडवरून शेजारी नुसते अंदाज घेऊन येत होते: कुणी म्हणे ट्रक जाळला, कुणी म्हणे काहीच झालं नाही. नलू उभी राहिली की आई तिला "बस," म्हणायची, आणि ती बसली की आईच उठून दाराशी जायची.

दुपारच्या आधी अम्मी सहज बोलून गेल्या, "आज चाँद दिखा तो कल ईद. सिवई रफिकच लाने वाला था. यहाँ की दुकानों में खतम है."

आई सरळ होऊन बसली. मग तिने बांगड्या वर सारल्या.

"बारीक रवा आहे का घरात? मैदा?"

"है तो. लेकिन मशीन नहीं ना."

"मशीन काऊन पाह्यजे?" आई म्हणाली. "हात आहेत ना."

वाचकांनी कृती मागू नये म्हणून इथेच सांगते. रवा आणि मैदा सारखा घ्यायचा, मिठाच्या पाण्यात घट्ट भिजवायचा आणि ओल्या फडक्याखाली मुरू द्यायचा. मग वरवंट्याने कुटायचा, तेलाचा हात लावत, ओढला तर तुटू नये इतका. पाट नव्हता, म्हणून दुकानातली कापडाच्या ताग्यांची एक फळी घासून धुतली आणि खाटेला तिरकी टेकवली. आईने फळीवर गोळी ठेवली आणि तळहाताने पुढे वळत नेली. खालच्या टोकाने दोरा सुटू लागला, बारीक, सलग. तो झेलून बोटांवर वेटोळी घ्यायला कुणीतरी लागतं. मी दोनदा तोडला. अम्मी समोर येऊन बसल्या आणि त्यांनी हात पुढे केला.

वाळवायला मच्छरदाणीचे बांबू काढून अंगणात दोन खुर्च्यांवर आडवे ठेवले. उन्हात शेवया लोंबू लागल्या. रस्त्यावर गाडीचा आवाज आला की आईचा तळहात थांबायचा, अम्मींच्या बोटांतला दोरा ताणला जायचा, आणि गाडी पुढे निघून गेली की काम पुन्हा सुरू.

एकदा अम्मींचे डोळे भरून आले. त्यांचे हात गुंतलेले होते. आईने स्वतःच्या पदराने त्यांचे डोळे पुसले आणि म्हणाली, "येईल. मले घ्यायले गेला थो, आल्याशिवाय कसा राहीन?"

ऊन उतरलं, अजानची वेळ जवळ आली. नलूने खजुरांची बशी मांडली. तेवढ्यात शेजारची तेलुगू बाई गल्लीच्या तोंडातूनच ओरडली, "रफिक वच्चाडु! वच्चाडु!"

आला, असं ती सांगत होती, हे कळायला भाषा लागली नाही. रफिक धुळीने माखलेला होता आणि चपलेचा अंगठा तुटला होता. रात्र त्याने एका गोंड कुटुंबाच्या ओसरीत काढली होती. सकाळी थोडं अंतर बैलगाडी, मग उरलेली वाट पायी, आणि शेवटी लाकडाचा ट्रक.

त्याने आधी आईकडे पाहिलं. "आई, तुमच्या गाडीले हात केला होता मी. थांबलीच नाई. तुम्ही पोचल्या ना नीट?"

आईने मान हलवली. अजान झाली. अम्मींनी बशी पुढे केली. आईने एक खजूर उचलून रफिकला दिला, दुसरा स्वतःच्या तोंडात टाकला आणि मग गटागटा पाणी प्यायली.

चंद्र दिसला. सकाळी त्या शेवयांचा शीरखुर्मा गल्लीभर गेला. दुपारी आम्ही नदीवर गेलो. प्राणहिता आणि गोदावरी मिळतात ती जागा नक्की पाहा, हिवाळ्यात वाळूतून लांबवर चालता येतं. आई आणि अम्मी नलूच्या दोन बाजूंनी चालत होत्या आणि तिच्या बाळंतपणावरून चक्क भांडत होत्या.

रस्ता मोकळा झाल्यावर आम्ही परतलो. पुढे मी बऱ्याच ठिकाणी फिरले, त्या जंगलातही पुन्हा गेले. पण भीती आठवायला बसले की हल्ली ते आडवं झाड नंतर येतं, गाडीच्या आवाजाने थांबलेला आईचा तळहात आधी दिसतो.

सावलीला घरी पोचलो तेव्हा बाबा ओसरीवर बसले होते.

"रस्ता कसा होता?" त्यांनी विचारलं.

"रस्त्याचं काऊन विचारता?" आई म्हणाली. "पोरीचं विचारा."

बाबांनी सरकून ओसरीवर तिच्यासाठी जागा केली. मग म्हणाले, "कशी आहे थे?"

आई पिशवी हातात तशीच ठेवून त्यांच्याशेजारी बसली आणि सांगू लागली.