उसनी पाटी

माझ्या सासूबाईंना गावात सगळे मुंगी म्हणतात. तोंडावर नाही, पण त्यांना ठाऊक आहे. आमच्याकडे उभ्या डोंगरावर पायऱ्या-पायऱ्यांची शेतं. पावसात माती खाली उतरते, आणि पाऊस सरला की ती पाटीत भरून, डोक्यावर चुंबळ ठेवून पुन्हा वर चढवायची. सासूबाईंनी जन्मभर हेच केलं. मी लग्न होऊन आले तेव्हा वाटलं, हा काय माणसांचा उद्योग आहे! आता माझीही मान आखडते.

आमच्या वरचं शेत सासूबाईंच्या मोठ्या जावेचं. घरात आम्ही त्यांना थोरल्या म्हणतो. त्यांची माती घसरली की येणार आमच्याच शेतात. त्यासाठी गावाचा जुना नियम आहे. खाली आलेली माती वरच्याची, पण त्यानं स्वतः येऊन मागायची. खालच्यानं लागवड केली की मग ती खालच्याची. दरवर्षी पाऊस सरला की थोरल्या यायच्या, "धाकटे, माझी माती दे गं," म्हणायच्या, चहा प्यायच्या, आणि दोघी मिळून पाट्या वाहायच्या.

मग रस्ता झाला. ट्रक पायथ्याशी येऊन बटाटा उचलायला लागला. जो तो बटाट्याच्या मागे लागला, आम्हीसुद्धा. हे वाईट झालं असं मी मुळीच म्हणणार नाही. आमच्या घरावरचे पत्रे बटाट्याचे, मुलीची शाळा बटाट्याची. पण थोरल्यांनी भाड्याचा टिलर नीट वळावा म्हणून शेतातले मधले दगडी बांधच काढून टाकले. सासूबाई सांगायला गेल्या, "जाऊबाई, माती थांबणार नाही." थोरल्या म्हणाल्या, "तुझ्या पोटात दुखतंय." झालं! दोघींचं बोलणं बंद.

पहिल्या वर्षी थोरल्यांचा बटाटा असा काही आला, की सासूबाईंचं तोंड एवढंसं झालं. पुढच्या पावसात मात्र त्यांची निम्मी माती आमच्याकडे आली. पण मागायला कोण येतंय? सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. आम्ही लागवड केली, पीक जोरात आलं. गाव म्हणालं, मुंगी आयत्या पिठावर रेघोट्या ओढतेय. सासूबाईंना ते लागलं. मला काही लागलं नाही. बांध आम्ही थोडेच काढले होते?

त्याच्या पुढच्या पावसानंतर वरच्या शेतात दगड उघडे पडले. थोरल्या शेत टाकून शहरात मुलाकडे निघाल्या, ही बातमी पाणवठ्यावरून घरी आली. "जाऊ देत," मी म्हणाले. सासूबाईंनी नुसतं माझ्याकडे पाहिलं आणि लागवड पुढे ढकलली. आज काय तर कंबर धरली, उद्या काय तर बियाण्याला कोंब नीट नाहीत. शेजाऱ्यांच्या शेतात रोपं वर आली तेव्हा माझं डोकं फिरलं.

"पीक थंडीत सापडेल आपलं! कुणाची वाट बघताय?"

"कळतंय ना? मग विचारतेस कशाला?"

"एवढं आहे तर तुम्हीच नेऊन द्या माती."

"न मागता दिलं तर ती भीक होते. दारात भीक टाकली, तर उद्या जायची ती आजच जाईल."

एका सकाळी मी बांधावर गवत कापत होते. सासूबाई माझ्या अंगावरूनच वर चढून गेल्या आणि थोरल्यांच्या दारात उभ्या राहिल्या. "जाऊबाई, माझी पाटी फाटली. तुमची देता का?"

घरात धडधाकट पाट्यांची चळत होती. मी मान खाली घालून गवत कापत राहिले. थोरल्यांनी पाटी आणून उंबऱ्यावर ठेवली.

दुपारी सासूबाईंनी ती पाटी आमच्या शेतातल्या काळ्याभोर मातीनं शिगोशीग भरली, वर नेली आणि अंगणात उतरवली. काय गंमत होते ते पाहायला मीही मागोमाग गेले.

"हे काय?" थोरल्यांनी विचारलं.

"तुमची पाटी."

"मातीसकट?"

"कुणाचं भांडं रिकामं परत करू नये. मी नवी नवरी होते तेव्हा तुम्हीच शिकवलंत."

मला वाटलं, आता ही बाई पाटी लाथेनं उडवते. त्या वाकल्या. मूठभर माती घेतली, दाबून पाहिली. मग पाटी उचलून स्वतः शेतात रिकामी करून आल्या आणि सासूबाईंच्या हातात दिली. "तुझी फाटलीय ना? मग राहू दे. उद्याही लागेल तुला."

त्यानंतर ती उसनी पाटी रोज वर-खाली करत होती. मातीचा शब्द कुणी काढला नाही. मी मात्र चढताना धुसफुसत होते. माती आमची, मान माझी, आणि मान राखायचा थोरल्यांचा! वर पोचले की थोरल्या एकट्याच दगडावर दगड रचताना दिसायच्या. मोडलेला बांध पुन्हा उभा राहत होता. ते पाहून माझा राग टिकायचा नाही, याचाही मला राग यायचा.

या सगळ्यात आमचं बियाणं वाट पाहून सुरकुतलं. लागवडीच्या दिवशी सासूबाई ते चिवडत बांधावर बसल्या होत्या, तोच थोरल्या डोक्यावर पाटी घेऊन खाली उतरताना दिसल्या. पाटीत बटाट्याचं बियाणं होतं, टपोऱ्या कोंबांचं. जायचं ठरल्यावर विकायला म्हणून त्यांनी हेच पोत्यात बांधून ठेवलं होतं.

"निम्मं आहे," थोरल्या म्हणाल्या.

उरलेलं निम्मं कशाला ठेवलंय, हे कुणी विचारलं नाही. सासूबाईंनी पाटीवर हात ठेवला आणि त्या रडायला लागल्या. चांगलं मोठ्यानं, शेजारच्या शेतातल्या माणसांनी माना वर कराव्यात इतकं.

"धाकटे, रडतेस काय?" थोरल्या बांधावर टेकत म्हणाल्या. "चहा टाक."

सासूबाई काही उठल्या नाहीत. चहा मी टाकला.