दोन पोती गाळ

अन्याय माझ्या आईवर झालाय. गेल्या गुरुवारी, सकाळी अकरा वाजता, ती दळण आणायला गेली असताना. वसाहतीच्या कमिटीनं आमच्या दारातला भोपळ्याचा वेल मुळासकट उपटला आणि तिथं पेव्हर ब्लॉक बसवले. कारण काय, तर म्हणे सगळ्या गल्ल्या एकसारख्या दिसल्या पाहिजेत!

हा वेल आला कुठून ते ऐका. महापुरानंतर पंचगंगेकाठचं घर सोडून आम्ही हातकणंगल्याच्या या उंचावरच्या वसाहतीत आलो. निघायच्या दिवशी ट्रॉलीत कपाट, गॅस, गाद्या चढल्या, आणि मागून आई खताची दोन पोती ओढत आली. पाणी ओसरल्यावर अंगणात साचलेला गाळ तिनं भरून घेतला होता. आबांनी कपाळावर हात मारला. "लोकं सोनं न्हेत्यात, ही चिखल न्हेतीया!"

"तितं नुसता मुरूम हाय," आई म्हणाली. "पाय ठेवायला तरी आपली माती नको व्हय?"

आपली कसली! वरच्या अंगाच्या सगळ्या गावांची माती होती ती. नव्या दारात पसरली तर आधी टोमॅटो उगवला, मग शेपू, आणि मग हा वेल. चपटे, पांढऱ्या रेघांचे भोपळे आमच्या गावात कुणी कधी लावलेच नव्हते. कुणाच्या तरी परड्यातलं बी पाण्यानं उचललं आणि आमच्या पदरात टाकलं.

नदीकाठची आमची रीत अशी, की पुरात वाहून आलेली वस्तू ज्याची त्याला पोचवायची. पातेल्यावर नाव घातलेलं असतं. भोपळ्यावर कोण घालणार? मग आई फाटकात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायला लागली, "पावणं, ह्यो भोपळा तुमच्याकडचा काय?" तोवर या वसाहतीत कुणी कुणाला ओळखत नव्हतं. सगळे वेगवेगळ्या गावांहून आलेले, सगळ्यांची दारं बंद.

भोगावतीकाठच्या अक्काताई पुढच्या गल्लीत राहतात. त्यांनी भोपळ्यावर टिचकी मारली आणि ओरडल्याच, "आगं, माझ्या सासूचा भोपळा हाय ह्यो! पोहत आलाय की लबाड!" दुसऱ्या दिवशी मागच्या गल्लीतले रिटायर मास्तर म्हणाले, छे, हा आमच्या मळ्यातला. दोघांचं भांडण चहा होईपर्यंत चाललं. शेवटी आईनं निकाल दिला: घारगे सगळ्यांनी खायचे, बी सगळ्यांनी न्यायचं. त्या दिवशी वसाहतीत पहिल्यांदा दारं उघडी राहिली.

मी नोकरीला पुण्याला निघाले तेव्हा आईनं मलाही बियांची पुडी बांधून दिली. इथल्या सोसायटीत लिफ्टमध्येसुद्धा कुणी बोलायचं नाही. रंगाच्या बादलीत लावलेला वेल वरच्या मजल्याच्या ग्रिलवर चढला आणि नांदेडच्या काकू तक्रार करायला खाली आल्या. जाताना भोपळा घेऊन गेल्या. आता ग्रुपवर माझं नाव 'भोपळेवाली' आहे. वाहत आलेल्या माणसानं रुजायचं कसं, हे मी त्या बादलीकडून शिकले. माझं घर आज दोन ठिकाणी आहे आणि मला त्याचं अजिबात दुःख नाही.

गुरुवारी आईचा फोन आला. वाटलं, रडेल. ती हसत होती! "एकच उपटला न्हवं? अक्काताईच्या दारात दोन हायत, मास्तरांच्या एक. चेअरमनच्या बायकोनंबी मागच्या दारानं बी न्हेलंय. म्हणावं, किती उपटतासा?"

आई हसू दे. मी हसून सोडणार नाही. रविवारी उरलेल्या गल्ल्यांत ब्लॉक बसणार आहेत. एकदा सगळं झाकलं की उद्या पाण्यानं, वाऱ्यानं, पाखरानं आणलेलं बी टेकणार कुठं? आणि नवीन आलेली बाई शेजारणीशी बोलणार कशावरून?

तेव्हा वसाहतीतल्यांनो, रविवारी सकाळी आपापल्या दारात उभे राहा आणि निदान हातभर जागेवर तरी ब्लॉक बसवू देऊ नका. बाहेरगावी असाल, तर हे वाचून संपताच घरी फोन लावा आणि एवढंच सांगा.